चुन्याची खूण

सुखदेवकाका मेकॅनिक गाडीच्या ऑइलची नळी कानाशी नेऊन वाकवत. डोळे मिटून ऐकत. "करकर करून राहिली," म्हणत. "बाहेरून रबर चकचकीत, आतून वाळून गेलं." मग तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्या नळीवर पांढरी रेघ ओढत. रेघ दिसली म्हणजे नळी बदलायची. रेघ नाही, म्हणजे काळजी नाही. हा त्यांचा नियम आमच्या गोंदियातच नव्हे, हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ट्रकवाल्यांनाही ठाऊक होता.

बाबांची राइस मिल होती. तिच्या शेडमध्ये त्यांनी नागपूरहून घेतलेली दोन सीटची, लाल, चाळीस वर्षं जुनी विलायती स्पोर्ट्स कार उभी असे. तिला हात लावायची परवानगी फक्त काकांना होती. ते कुडव्याहून सायकलवर येत. त्यांचा चहाचा कप आमच्याकडे वेगळा होता, शेडच्या खिडकीत उपडा ठेवलेला. चहा झाला की ते स्वतःच विसळून ठेवत. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. मीही नाही. इंग्रजी शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलींतली मी एक होते.

गाडीचं इंग्रजी पुस्तक मात्र मी काकांना वाचून दाखवत असे. "काका, यात लिहिलंय, नळ्या चांगल्या दिसल्या तरी काही वर्षांनी बदलाच."

"पाय बरं! साहेबालेही मालूम होतं. तुह्या बापाले सांग."

बाबा नळीवर बोट फिरवून म्हणाले, "सुखदेव, दिसते तर चांगली रे."

"दिसाले तं मीबी चांगला दिसतो, मालक."

बाबा हसले. मी बारावीत होते तेव्हाची ही गोष्ट, दसरा आठवड्यावर आला होता. बाबांना त्या दिवशी मित्राला घेऊन गाडीतून फिरायचं होतं. काकांनी इंजिनापासून पुढे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांवर रेघा ओढल्या. "नव्या नळ्या नागपूरले बनवाले टाकल्या आहेत. दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊन राहिलो, येताना घेऊन येतो. तोवर चावी लावू नका. ऑइल गेलं का इंजिन गेलं." दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते शेडमध्ये येऊन, दोरीनं पुन्हा एकदा माप घेऊन गेले.

दसऱ्याच्या सकाळी आईनं मला पूजेसाठी गाडी पुसायला सांगितली. मी बॉनेट उघडून घासलेटच्या फडक्यानं इंजिनसुद्धा पुसलं. रेघा दिसल्या. त्या कशाच्या हे मला ठाऊक होतं. पूजेच्या गाडीवर डाग नकोत, एवढंच तेव्हा मनात आलं, आणि मी त्या पुसल्या.

बाबा आले. कुंकू लावता लावता त्यांनी आत वाकून पाहिलं. "वा! नळ्या आधीच आल्या वाटतं. सुखदेवनं जाण्याआधी काम उरकलेलं दिसतं." नळी नवी की जुनी हे त्यांना कळत नसे, चुना तेवढा कळे. मी ताट धरून शेजारीच उभी होते. बाबांना मध्ये बोललेलं आवडत नसे.

कोहमाऱ्याच्या अलीकडे नळी फुटली. ऑइलचा काटा शून्यावर गेला, तो बाबांनी पाहिला नाही. इंजिन जाम झालं. गाडी ट्रकच्या मागे बांधून आणली.

दुसऱ्या दिवशी काका नव्या नळ्या खांद्यावर टाकून आले. मिलचे हमाल, मुनीम, सगळे अंगणात होते. "तुला नागपूरची घाई!" बाबा ओरडले. "खुणा पुसल्या आणि मोकळा झालास!"

"मालक, चुना मी पुसला नाई."

"मग काय भुतानं पुसला?"

काकांनी इंजिनात डोकं घातलं, वर काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. त्यांनी नळ्या शेडच्या दाराशी ठेवल्या आणि सायकल काढली.

बाबांनी ही गोष्ट सगळीकडे सांगितली. काम न करता खुणा पुसणाऱ्या माणसाच्या हाती ट्रक कोण देईल? धाब्यावरचे ड्रायव्हर त्यांना विचारत, "क्या सुखदेव, आज किसको चूना लगाया?" वर्षभरात त्यांच्याकडे फक्त सायकलींची पंक्चरं उरली.

सात वर्षांनी, पुण्याहून सुट्टीत आले असताना, मी कुडव्याला गेले. ते घरासमोर पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"मालूम आहे," ते म्हणाले. "घासलेटचा वास होता इंजिनाले. तुहा बाप काही घासलेटचं फडकं हातात धरत नाई."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"माहं कोण ऐकते? तुहं ऐकलं असतं. म्हणून तं तुह्याकडं पायलं." त्यांनी ट्यूब फिरवली. "आता मले कायले सांगतेस? बापाले सांगितलं काय?"

मी मान हलवली. नाही.

"मंग सरक. उजेड अडून राहिला."

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.