पिशवीतली हळद

सुनेनं गरम दुधात हळद टाकली की त्या वासानं माझं डोकं अजून फिरतं.

वीस वर्षांपूर्वी लासूर स्टेशनच्या अलीकडं आमची जीप तापली. इंजिनाखाली रेडिएटरच्या पाण्याचे हिरवे थेंब पडत होते. "पाइपाच्या जोडातून गळतंय," मी म्हणाले. "तुला काय कळतं?" म्हणत नवऱ्यानं गळती बुजवायला बाजाराच्या पिशवीतली हळद रेडिएटरमध्ये ओतली. मैलभरात गाडी बंद पडली.

मेकॅनिकनं आधी पिवळा चिखल उपसला. मग त्याच जोडाची सैल क्लिप आवळली आणि गळती थांबली. "हळद कुणी टाकली?" त्यानं विचारलं.

"हिनं," नवरा म्हणाला. "आमची ही लई शहाणी."

मेकॅनिक हसला. मी मान खाली घातली.

नवऱ्यावरचा राग कधीच निवला. माझ्या त्या खाली घातलेल्या मानेवरचा अजून नाय निवला.