सुकती

रिसॉर्टच्या कठड्यावर सुकत घातलेले टॉवेल दिसले, आणि माझं तोंड कडू झालं. परवा कोकणात बुरोंडीजवळ आम्ही जुने मित्र जमलो होतो. जेवताना विन्या नेहमीचंच बोलला, "त्या इब्राहिमने तेव्हा आपल्याला बुडवलंच असतं."

खोटं आहे ते. चाळीस वर्षांपूर्वी इब्राहिमच्या होडीतून आम्ही तिथल्याच एका ओसाड पुळणीवर गेलो होतो. दुसरी वाटच नव्हती. दुपारी बिअर रंगात आली असताना इब्राहिम येऊन म्हणाला, "सुकती लागली, आता निघाया हवं."

बाकी सगळे पुण्याचे. विन्याने मला विचारलं, "काय म्हणतोय रे हा?"

सुकती म्हणजे ओहोटी, हे रत्नागिरीत जन्मलेल्या मला ठाऊक नसेल? पण मला उठायचं नव्हतं. मी म्हणालो, "कपडे सुकत आलेत म्हणतोय. बसा आरामात." सगळे खदखदून हसले.

तासाभरात पाणी उतरलं, होडी खडकावर बसली आणि लाटांनी तिची फळी फोडली. "आधी सांगता येत नव्हतं?" म्हणत विन्याने इब्राहिमच्या थोबाडीत मारली. मी गप्प राहिलो. गालावर हात ठेवून इब्राहिम माझ्याकडेच पाहत होता. "भाऊ, तुम्ही तर इथलेच ना?" एवढंच तो म्हणाला.

हे सगळं मी त्याच जेवणात सांगून टाकलं. विन्याने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे ती थोबाडीत तुला बसायला हवी होती," आणि ताट सोडून उठला.

मी त्याला अडवलं नाही. त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.