रिकाम्या गावाच्या वेशीवर

डिसेंबरातल्या एका बुधवारी पहाटे आम्ही तिघी इचलकरंजीहून निघालो. मी, नलू आणि विद्या. एकाच शाळेत आम्ही अठ्ठावीस वर्षं खडू झिजवले, आणि दर सुट्टीत पाठीवर सॅक टाकून गड हिंडलो. गावातले लोक आम्हाला 'गडावरच्या बाया' म्हणायचे. पण ही सहल नेहमीची नव्हती. विद्याच्या सॅकमधलं सामान नलूनं आणि मी गुपचूप आमच्या सॅकमध्ये भरलं होतं. सोमवारी सकाळी तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात पुढची सलाईन लागायची होती. केमोला ती सलाईनच म्हणायची. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन काय ते सांगून टाकलं होतं.

"मला एकदा आमच्या पडवीत बसायचंय," ती म्हणाली होती. "नुसतं बसायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. वाटेत तीन गड करू, म्हणजे घरचे सोडतील."

तिचं माहेर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अंगाला. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी तिची आई गेली, तेव्हा विद्या दोन दिवस उशिरा पोचली. घराच्या पायऱ्या चढत होती तोच धाकटा भाऊ बाबल दारात येऊन म्हणाला, "आता कित्याक इलंस?" (आता कशाला आलीस?) ती तशीच मागं फिरली. तेव्हापासून अबोला. आम्ही येतोय हे बाबलला कळवायचं नाही आणि वाटेत कुणाला गावाचं नाव सांगायचं नाही, अशी तिनं आम्हाला शपथ घातली होती. आधी कळलं तर तो नको म्हणेल, ही धास्ती. आम्हीही शपथ पाळली, गाढवासारखी.

फोंडा घाट उतरून कणकवलीला एसटी बदलली आणि दुपारी रामगडावर पोचलो. छोटासा गड, पायथ्याशी गड नदी. वर झाडीत तोफा तोंड खाली करून ओळीनं पुरलेल्या. नलू म्हणाली, "शिक्षा केलेल्या पोरांसारख्या उभ्या आहेत बघ." विद्या हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली. ती चौथऱ्यांवरून हात फिरवत फिरायची, ही तिची जुनी खोड. "हे माजघर असणार. ही पडवी. इथं चूल, बघ, चिरा काळा आहे." खरं-खोटं कोण तपासणार! पण तिनं सांगितलं की पडका चौथरा राहता वाटायचा.

त्या दिवशी गडाखालच्या वाडीत एका बाईनं आम्हाला उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी वाढली. विद्या चार घास जेवली. महिनाभरात एवढं पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मसुऱ्याचा भरतगड. तटाच्या आत आंब्याची बाग, झाडांना नुकता मोहोर आलेला. विद्याला चढ झेपेना. दर वीस पावलांनी ती बसायची आणि आम्ही उगाचच मोहोराचं कौतुक करत थांबायचो. मला आतून नुसता संताप येत होता. कुणाचा, तेही कळत नव्हतं. ज्या बाईनं मला राजगडावर ओढत नेलं होतं, ती इथं या टेकाडावर धापा टाकत होती.

शुक्रवारी सकाळी एका मच्छीमाराच्या होडीतून खाडी ओलांडली. तो आमच्या सॅककडे बघून म्हणाला, "पाठीर काय गो इतक्या? घर घेवन चललात काय?"

"घर खंयचा पाठीर मावता रे!" (घर कुठं पाठीवर मावतं रे!) विद्या म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत मी तिच्या तोंडून मालवणी ऐकलं नव्हतं. आवाजही वेगळाच वाटला, एखाद्या लहान मुलीचा.

"कोणाकडे जातास?"

"कोणाकडे नाय. फिरूक," ती म्हणाली.

गाव सांगितलं असतं तर त्यानं तिथंच आम्हाला थांबवलं असतं. पण शपथ होती ना!

भगवंतगडावर रान इतकं माजलेलं की चौथरेही धड दिसेनात. तिथून खाली उतरलो, रिक्षा केली आणि गावाचं नाव न घेता नुसतं 'पुढं, पुढं' करत दुपारी गावच्या वेशीपाशी पोचलो. रिक्षावाला वेशीच्या अलीकडेच थांबला. "बाई, गावपळण आसा. आत कोण नाय."

वेशीबाहेरच्या मळ्यात नारळाच्या झापांच्या रावट्याच रावट्या. चुली पेटलेल्या, गुरं बांधलेली, कोंबड्या फिरतायत, एकीकडे भजन, दुसरीकडे बायकांच्या फुगड्या. दर तीन-चार वर्षांनी देवाच्या आज्ञेनं अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर येतं, तीच ही गावपळण. तीन दिवस आत चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. मग देवाला कौल लावायचा: मूर्तीला कळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली की होकार. होकार आला की सगळे घरी. नाही आला, तर मुक्काम वाढला.

विद्या रस्त्यातच मटकन बसली. "आम्ही लहानपणी किती वाट बघायचो गं गावपळणीची," ती म्हणाली. "आणि मला आठवलंसुद्धा नाही."

बाबलला कुणीतरी बोलावून आणलं. पन्नाशीचा, कमरेला पंचा, डोक्यावर केस नाहीत. बहिणीच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाकडे तो बघत राहिला. मग म्हणाला, "फोन करूचो मां गो." (फोन करायचास ना गं.) अकरा वर्षांचा अबोला एवढ्यावर सुटला. मला रडू आवरेना, आणि नलू तर आधीच सुरू झाली होती.

रावटीत आम्हाला घावणे आणि नारळाचा रस मिळाला. विद्यानं विचारलं, "पडवीतलो झोपाळो आसा मां रे?"

"आधी जेव," बाबल म्हणाला. त्याची बायको चुलीत उगाच लाकूड सारत राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जेवण झाल्यावर त्यानं खाली मान घालून विषय काढला. "ताई, तुका घर बघूचा आसात तर जा. तुका कोण अडवतलो? लगीन होवन गेलंस, तू आता गावची खंय? परक्यांका गावपळण नाय."

तो वाईट बोलला नव्हता. त्याच्या परीनं वाटच मोकळी करून देत होता. पण विद्याचा चेहरा बघवेना. "मी हयचीच आसंय," (मी इथलीच आहे,) ती म्हणाली. "कौल होतलो, तेव्हा सगळ्यांबरोबर जातलंय."

शनिवार तिनं त्या रावटीत चटईवर काढला. गावातल्या म्हाताऱ्या येऊन तिच्या गालावरून हात फिरवून जात. ती मला घर सांगत होती: पायऱ्या, पडवी, झोपाळा, मागं विहीर, विहिरीशी ओवळीचं (बकुळीचं) झाड. मी म्हटलं, "जा ना गं बाई! शंभर पावलांवर आहे. कोण बघतंय?"

"मी गेले तर बाबल म्हणतो ते खरं होईल, शैले."

रविवारी सकाळी मानकरी देवळात जाऊन आले. कौल झाला नव्हता. मुक्काम वाढला. पोरंटोरं आनंदानं ओरडली, त्यांची शाळा बुडणार होती. दीड वाजताची एसटी चुकवून चालणार नव्हतं. विद्या हटून बसली असती तर मी भांडले तरी असते. ती नुसती म्हणाली, "आता तू जा. तू परकी आहेस. बघून ये आणि सगळं सांग."

मी गेले. अख्ख्या गावात माझ्याच चपलांचा आवाज. दारं नुसती लोटलेली, अंगणात पानं साचलेली. तिनं सांगितल्याप्रमाणे पाराजवळून डावीकडे वळले, ओवळीचं झाड दिसलं, विहीर दिसली. घर नव्हतं.

चौथरा होता. चिऱ्यांच्या फटींतून रान उगवलेलं, एका कोपऱ्यात कौलांचा ढीग. मी वर चढले. ही पडवी. हे माजघर. इथं चूल, चिरा काळा आहे. अठ्ठावीस वर्षं परक्यांचे चौथरे बघत हिंडलो, खोल्या ओळखून टाळ्या दिल्या, वर डबे उघडून खाल्लं. आज मी त्या पडवीत उभी राहून ढसाढसा रडले, आणि अख्ख्या गावात ऐकायला कुणी नव्हतं.

माझं तोंड फटकळ. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि जमतही नाही. परत येईपर्यंत वाटेत मी तीन वेळा घर रचलं आणि तीन वेळा ते पडलं. विद्या उठून बसली होती.

"पडवीत बसलीस?"

"बाहेरूनच बघितलं," मी म्हटलं. "छान आहे गं. दाराला कुलूप होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. "कुलूप? गावपळणीत हयं कोण कुलूप लावत नाही, शैले. राखण देव करतो."

बाबल रावटीच्या तोंडाशी उभा होता, तो तिथंच खाली बसला. "दोन पावसापाठी (दोन पावसाळ्यांमागं) घर पडला गो. परत उभा करूक जमला नाय. आमी रस्त्याकडे दोन खोल्यांत ऱ्हवतो. तुका सांगूक तोंड नाय होता. म्हणून तर जा म्हटलंय, आपणच बघशीत."

"मग मी दोन दिवस कशाची वाट बघत होते रे?" विद्या म्हणाली. तिनं रुमाल नीट बांधला आणि म्हणाली, "चला, गाडी चुकेल."

घाट चढेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून होती. नलूनं बाबलच्या बायकोनं दिलेले घावणे पुढं केले, तिनं हातानंच नको म्हटलं.

सोमवारी दुपारी दवाखान्यात असताना बाबलचा फोन आला. सकाळी कौल झालो, सगळे गावात गेले, ताईक सांगा. विद्याच्या हाताला सुई होती, डोळे मिटलेले. मी सांगितलं. तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "पायऱ्या तरी होत्या का गं?"

या वेळी मी खरं सांगितलं. "होत्या. तीन."

"चार होत्या," ती म्हणाली. "चौथीवरूनच तर परत फिरले मी."

चैत्रात विद्या गेली. नलू आणि मी त्यानंतर कुठल्याच गडावर गेलो नाही.