सुभेदारांनी न दिलेला चार्ज

सुभेदार दोन दिवसांसाठी डभोईला बहिणीकडे निघाले तरी शेजाऱ्यांना घराचा चार्ज देत असत. नुसती किल्ली हातात ठेवून ते कधी गेले नाहीत. शेजारच्या गुजराती काकांना हाताला धरून ते घरभर फिरवायचे. मोरीतला नळ पुरता बंद होत नाही, खाली बादली आहे. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते. फ्रिज मधूनच गुरगुरतो, घाबरायचं नाही. मग दारात उभं राहून विचारायचे, "हवे बोलो, शुं शुं कह्युं में?" त्या बिचाऱ्या काकांनी सगळं बिनचूक म्हणून दाखवलं की मगच स्वारी रिक्षात बसायची.

सुभेदार हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. त्यांचे पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत सुभेदार होते. ते पद पणजोबांबरोबर गेलं, पण पणतूची मान ताठ राहिली म्हणून आम्ही त्यांना ते परत दिलं. बाजव्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात ते बॉयलरचे शिफ्ट इन्चार्ज होते. मी बाविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते. पुढची चाळीसएक वर्षं मी कुठलीही गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय केली नाही, आणि यात माझ्या बायकोला जे वाटायचं ते मी इथे लिहीत नाही.

शिफ्ट संपली की चार्ज द्यायचा, हा कारखान्याचा नियमच असतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचं, काय चालू, काय बंद, कशावर डोळा ठेवायचा. बाकीचे लोक हे वहीत खरडून, सही ठोकून बस पकडायचे. सुभेदार मात्र येणाऱ्याला घेऊन प्रत्येक पंपापाशी जायचे, त्याचा हात पंपावर ठेवायला लावायचे. "हा कालपासून जास्त तापतोय, बराबर?" असं म्हणून पुढच्याकडे. आम्हाला ते नेहमी सांगत, "यंत्र बिघडल्याने माणूस मरत नाही, जयंता. कुणाला तरी ठाऊक असतं आणि तो सांगत नाही, त्याने मरतो."

एकदा मी नाही सांगितलं. एका व्हॉल्व्हमधून वाफ किंचित गळत होती. ते सांगितलं असतं तर दुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि त्या दिवशी घरी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. मी निजामपुऱ्यात घरी पोचलो, हातपाय धुतले, पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी धरली, तेवढ्यात कारखान्याची जीप दारात. सुभेदारांनी मला परत बोलावलं, त्या व्हॉल्व्हसमोर उभं केलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हा पगार घेतो, पण चार्ज देत नाही." त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. पुढे नोकरी संपेपर्यंत मी कधी काही लपवलं नाही.

ही सवय त्यांनी घरीही सोडली नव्हती. मुलाचं, विकासचं, लग्न झालं तेव्हा मांडवातच नव्या सुनेला बाजूला घेऊन त्यांनी मुलाचा चार्ज दिला. हा चहाआधी बोलत नाही. वांगं वाढलंस तर खाईल, पण दिवसभर तोंड फुगवेल. रागावला की जेवत नाही, तेव्हा समजूत घालत बसू नकोस, ताट झाकून ठेव आणि तू शांतीथी जेवून घे. विकास शेजारी लाल होऊन उभा होता. सून हसत होती, पण तिने सगळं ऐकून घेतलं होतं, आणि पुढे ती वहिनींना, म्हणजे सुभेदारांच्या बायकोला, म्हणाली की लग्नात मिळालेल्या सगळ्या वस्तूंत हीच तेवढी उपयोगी पडली.

दोघंही निवृत्त झाल्यावर आम्ही रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जायचो. असेच एक दिवस ते म्हणाले, हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. मी तीन दिवस रुग्णालयात त्यांच्या उशाशी होतो. वहिनींचा डबा मीच नेत असे. ते मूत्रविकारांच्या मजल्यावर होते. मी विचारलं तर म्हणाले, खाली खाटा रिकाम्या नाहीत. पलंगाला लघवीची पिशवी लटकत होती. म्हणाले, हर्नियालासुद्धा लावतात आजकाल. मी मान डोलावली. सुभेदारांनी सांगितलेलं पडताळून पाहायची मला सवयच नव्हती.

त्यानंतर ते जरा बदलले. फिरायला येताना कायम काळपट विजार. लग्नात गेले तर मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची. डभोईला बसने जाणं त्यांनी सोडलंच. तासाभराचा तर रस्ता, पण "आता बस सोसत नाही" म्हणायचे. मी समजलो, माणूस म्हातारा होतोय. मला वाईटही वाटायचं आणि मी त्यांना चिडवायचोही, की सुभेदार, फौज थकली का? ते हसायचे.

त्या ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेल्यावर मी बागेतल्या बाकावर बसून त्यांना सांगितलं, की लघवीला सारखं जावं लागतं, धार बारीक झालीय, थांबून थांबून होते. त्यांनी वाकून चपलेतला खडा झटकला. मग म्हणाले, "वयाचं आहे. संध्याकाळनंतर पाणी कमी पी." मी पाणी कमी प्यायला लागलो. पुढची दोन वर्षं मी डॉक्टरकडे गेलो नाही, कारण सुभेदारांनी सांगितलं होतं की वयाचं आहे.

शेवटी बायकोने ओढून नेलं. रक्ताची तपासणी झाली, मग एमआरआय, मग बायॉप्सी. प्रोस्टेटचा कॅन्सर. डॉक्टर तरुण होता, नीट समजावून सांगणारा. रोग ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, म्हणाला, पण आता नुसतं लक्ष ठेवून बसता येणार नाही. एक तर ऑपरेशन करून ग्रंथी काढायची, नाहीतर रेडिएशन आणि सोबत इंजेक्शनं. दोन्हींनी बरं व्हायची आशा जवळपास सारखी, त्रास मात्र वेगवेगळे. ऑपरेशनने लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, रेडिएशनने पोटाच्या तक्रारी मागे लागू शकतात, आणि नवराबायकोच्या संबंधांवर दोन्हींचा परिणाम होतो. महिन्याभरात ठरवा. मी विचारलं, दोन वर्षं आधी आलो असतो तर? तो म्हणाला, "कदाचित नुसतं लक्ष ठेवून भागलं असतं. पण काका, खात्रीने मी नाही सांगू शकत." त्या 'कदाचित'ने मला जितकं छळलं तितकं त्या रोगाने छळलं नाही.

साहजिकच मी कागद घेऊन सुभेदारांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळे रिपोर्ट वाचले. घडी घालून परत दिले. "ऑपरेशन करून टाक," म्हणाले. "टेन्शन नको घेऊ." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी उठलो. वहिनी मला सोडायला जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आल्या, तशा कधी येत नसत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "जयंतभाऊजी, त्यांचं ते ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं. तुम्हाला निघालंय तेच होतं. मला शपथ घातली होती."

मी स्कूटर तिथेच ठेवून चालत घरी आलो. दहा दिवस मी त्यांचं नाव काढलं नाही. आजाराची भीती होतीच, पण त्या भीतीच्याही वर राग चढून बसला होता. तीन दिवस मी ज्यांच्या उशाशी बसलो, त्यांनी माझ्या तोंडावर खोटं सांगितलं, हे मी गिळलं असतं. आपला आजार माणूस झाकतो. पण बाकावर बसून मी माझी तक्रार सांगत होतो तेव्हा ती कशाची असू शकते, हे त्या बागेत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याने मला पाणी कमी प्यायला सांगितलं. मला फसवल्यासारखं वाटलं असं म्हणणं पुरेसं नाही. मला फसवलंच होतं.

तरी जावं लागलं. डॉक्टर महिना मोजत होता आणि ऑपरेशननंतर जगणं कसं असतं, हे सांगणारा दुसरा कुणी माझ्या ओळखीत नव्हता. मी गेलो आणि न बसताच म्हणालो, "वहिनींनी सांगितलंय मला." वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. सुभेदारांनी टीव्ही बंद केला.

"ऑपरेशन चांगलं झालं," ते म्हणाले. "रोग गेला."

"आणि बाकी?"

"बाकी शिंकलो, खोकलो, उठलो की होते. पॅड लावतो. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. नंतर थोडं बरं झालं, पण पूर्ण नाही. कुणाला अजिबात त्रास नाही होत म्हणतात. मला झाला." मग आवाज खाली करून, "मी त्या पलीकडच्या खोलीत झोपतो, एकटा. तुझ्या वहिनीने चार वर्षांत एक शब्द काढला नाही, जयंता. तिने भांडायला हवं होतं."

मला त्यांची दया आली आणि त्या दयेचा मला रागही आला. मी विचारलं, "मला तपासून घे म्हणायला काय झालं होतं? तुमचं नव्हतं सांगायचं, तर नसतं सांगितलं."

"तपासून घे म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, सुभेदार, तुम्हाला कसं ठाऊक?"

"एवढ्यासाठी?"

"हो," ते म्हणाले. "एवढ्यासाठीच."

त्यांनी काही कारण रचलं नाही, एवढं मी त्यांच्या पदरात टाकतो. मला त्या खोलीत उभं राहवेना. पण एक गोष्ट विचारायची होती. डॉक्टरने मला विचारलं होतं की मुलगा आहे का, कारण बापाला असेल तर मुलानेही वेळेत तपासून घ्यावं. मला दोन्ही मुलीच. विकास चव्वेचाळीस वर्षांचा होता, पुण्यात नोकरीला. "विकासला सांगितलंत?" मी विचारलं. ते नाही म्हणाले. मी म्हणालो, "मग मी सांगतो, आजच." तेव्हा ते उठून माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझा हात धरला. "तू नको. मी बाप आहे, मी सांगेन. दिवाळीला येतोय तो. मला वचन दे." मी वचन दिलं. इतकं सगळं होऊनही मी त्यांच्यावर पुन्हा विश्वास ठेवला. चाळीस वर्षांची सवय दहा दिवसांत जात नाही.

मी रेडिएशन घेतलं. तो निर्णय मी डोकं थंड ठेवून घेतला असं मला म्हणवत नाही. सुभेदार ऑपरेशन कर म्हणाले होते, हेही त्यात होतं. सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. पहिल्या दिवशी ते रुग्णालयाच्या बाकावर माझ्या आधी येऊन बसलेले दिसले. मी म्हणालो, "तुम्ही घरी जा." ते गेले. नंतर फिरायला जायची वेळ मी बदलली. रस्त्यात दिसले तर "केम छो" होई, तेवढंच. इंजेक्शनांनी अंग तापायचं, पोट बिघडायचं, जीव नकोसा व्हायचा, आणि त्या प्रत्येक वेळी सांगायला मला सुभेदारच आठवायचे. माझे आकडे आता ठीक आहेत. डॉक्टर खूश आहे.

दिवाळी आली, गेली. दुसरीही गेली. वहिनी भाजीच्या गाडीपाशी भेटल्या की मी नजरेनेच विचारायचो आणि त्या नजर वळवायच्या. यंदाच्या उन्हाळ्यात सुभेदार गेले. हृदय बंद पडलं, चहाचा कप हातात असताना. घरच्यांनी बेसणं, म्हणजे इकडची शोकसभा, ठेवलं. पांढऱ्या चादरीवर बसून जुने सहकारी एकामागून एक सांगत होते, की या माणसाने आयुष्यात कधी काही लपवलं नाही. मला बोलायला सांगितलं. मी हात जोडून नकार दिला, तेव्हा लोकांना वाटलं मला भरून आलंय. तेही खोटं नव्हतं.

लोक पांगल्यावर मी विकासला गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. वचन मोडलं. त्याचा आधी विश्वासच बसेना. म्हणाला, "काका, बाबांनी मला सांगितलं असतं." मी म्हणालो, "नाही सांगितलं. म्हणून मी सांगतोय. पुण्याला गेलास की आधी रक्त तपासून घे." तो कठड्याला टेकून उभा राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, जयंतकाका?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो.

तो कठड्यापासून बाजूला झाला. उतरून खाली गेला. त्याने तपासणी करून घेतली, असं वहिनींकडून कळलं. काय निघालं ते त्याने मला कळवलेलं नाही, आणि मी फोन केला तर तो उचलत नाही.