खालच्या आजोबांचं लुगडं

जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, मला एक चौकोनी, तपकिरी, मखमलीसारखं कापड मिळालं. घरी आणून मी ते दाराबाहेर पायपुसणं म्हणून टाकलं. आकार बरोब्बर, चिखल दिसणार नाही असा रंग. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनाही ते पसंत पडलं. "नक्षी तेवढी मध्येच चुकलीय," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे आजोबा आमचं पार्सल घेऊन आले. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जिन्यात भेटले तरी आधी घड्याळ बघून मग 'गुटन मॉर्गन' की 'गुटन टाग' ते ठरवणारे. मी दार उघडलं. त्यांनी खाली पाहिलं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि पार्सलासकट त्यांनी पायपुसण्यावरून उडी मारली. थेट आमच्या चपलांच्या स्टँडमध्ये.

"कुबा!" चपलांतून उठत ते ओरडले. "हे कुबा आहे!"

सासूबाई लाटणं घेऊन धावत आल्या. "अगं, कुबडी मागताहेत. फार लागलंय का त्यांना?"

लागलं नव्हतं. कुबा हे काँगोतल्या एका जमातीचं नाव होतं. तिथले पुरुष राफिया नावाच्या ताडाच्या पानांतून धागे काढून कापड विणतात, असं आजोबांनी जमिनीवर मांडी ठोकून सांगितलं. त्यावर बायका भरतकाम करतात आणि टोकं इतकी बारीक कापतात की त्याची मखमल होते. एकेका तुकड्याला महिनेच्या महिने जातात. नक्षी कागदावर काढलेली नसते, सगळी डोक्यात. मध्येच वाटलं तर बदलायची.

मी भाषांतर करत होते. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे चुकलेली नाही? मनाला आलं म्हणून बदलली? शहाणी बाई!"

मग त्यांच्या लक्षात आलं की तीन दिवस आम्ही त्या शहाण्या बाईच्या कामाला पाय पुसत होतो. त्यांनी वाकून कापडाला हात लावला, नमस्कार केला आणि मलाही करायला लावला. काहीतरी विधी असावा असं समजून आजोबांनीही केला. तेवढ्यात माझा नवरा ऑफिसातून आला. पायपुसण्यापुढे तिघं वाकलेली बघून त्यानं काही न विचारता बॅग खाली ठेवली आणि तोही वाकला.

त्या शनिवारी आजोबांनी आम्हा दोघींना कॉफीला बोलावलं. त्यांच्या फ्रीझरमध्ये मटारांशेजारी पिशवीत बांधलेली तीन कापडं होती, त्यात त्यांनी त्या दिवशी नेलेलं आमचंही. थंडीनं कसर मरते म्हणे. चाळीस वर्षं ते ही कापडं जमवत होते, काही व्यापाऱ्यांकडून, काही अशाच बाजारांतून. सगळ्यांत मोठं एक पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलं होतं.

"हे पूर्ण उघडून बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "दुसरं टोक बायको धरायची."

मी हे सांगताच सासूबाई उठल्या आणि त्यांनी टोक धरलं.

कापड हॉलमधून पॅसेजमध्ये आणि तिथून उघड्या दारातून जिन्यापर्यंत गेलं. तुकड्याला तुकडा जोडलेला, वर ठिगळांची नक्षी. मऊ करण्यासाठी कापड कुटताना भोकं पडायची, ती झाकता झाकता ही नक्षी आली असं म्हणतात, आजोबा म्हणाले. सासूबाईंनी हातानं मोजलं. "अगं, हे तर लुगडं आहे! नेसतात कसं, विचार."

आजोबा लाल झाले. पण शिक्षकच ते. प्रात्यक्षिक मागितल्यावर नाही म्हणणं त्यांच्यानं होईना. ते हात वर करून उभे राहिले. सासूबाईंनी कमरेला वेढे घालायला सुरुवात केली. "अहो, सरळ उभे राहा. पोट आत घ्या." मी हे जरा सौम्य करून सांगितलं. राफिया ताठ, त्यामुळे निऱ्या पुढे फुगल्या. शेवटी वरून त्यांचाच पट्टा आवळला.

"खरं तर हे बायकांचं आहे," ते हळूच म्हणाले.

"असू दे, शोभतंय," सासूबाई म्हणाल्या.

मी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर नणंदेला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, 'कुणाचं लग्न?'

इतक्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दारात आल्या. जिना झाडायची पाळी कुणाची याचा हिशेब त्यांच्याकडे असे. हातात झाडू होता. त्यांनी आजोबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आज पाळी तुमची आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," आजोबा अत्यंत प्रतिष्ठेनं म्हणाले. "पण मला हलता येत नाहीये."

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला, बूट काढले आणि कापडाचं टोक हातात घेतलं. आजोबा पट्टा सोडून "हळू, हळू!" म्हणत गोल गोल फिरत सुटू लागले आणि शेवटच्या वेढ्याला भेलकांडून सोफ्यावर बसले. चष्मा वाकडा, केस उभे. समोरच्या बाई हसताहेत हे मी त्या इमारतीत पहिल्यांदाच पाहत होते.

आजोबांनी श्वास घेतला, चष्मा नीट केला आणि सासूबाईंकडे बघून विचारलं, "नोख आइनमाल?"

'आणखी एकदा' असं मी सांगायच्या आत सासूबाईंनी पदर खोचला होता.