हॉलमधले पंच

जगात आजवर जेवढी भांडणं झाली, ती सगळी वेळेवर शिट्टी न वाजल्यामुळे झाली, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला आहे. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. घोडेगावला राहतात, थोडी शेती करतात, आणि गुडघे साथ देत होते तोवर आसपासच्या जत्रांमध्ये कबड्डीचे पंच म्हणून उभे राहत. गुडघे थकले, जत्रांची बोलावणी बंद झाली, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. काळ्या गोफात ओवलेली ती शिट्टी घालून ते आंघोळ करतात, झोपतात, आणि मामींचं म्हणणं खरं मानायचं तर झोपेत कधीमधी वाजवतातही. माझी आणि त्या शिट्टीची ओळख माझ्याच लग्नात झाली. मंगलाष्टकं चालू होती, मी अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभा होतो आणि माझे मित्र फोटोत यायला म्हणून स्टेजवर ढकलाढकली करत होते. कर्कश शिट्टी वाजली. मित्र थांबले, कॅमेरावाला थांबला, भटजीही थांबले. मामांनी मित्रांना जोडीजोडीनं स्टेजच्या कडेला उभं केलं, भटजींकडे बघून हात खाली केला आणि मंगलाष्टक पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं. माझं लग्न नेमकं कुणी लावलं, याबद्दल मला आजही थोडी शंका आहे.

मामांनी दिलेला निर्णय फिरत नाही, हे आसपासच्या गावांना ठाऊक आहे. एका जत्रेत ज्या गृहस्थांनी बक्षिसाची ढाल दिली होती, त्यांच्याच मुलाला मामांनी बाद दिलं. लोक मैदानात उतरले, कुणी मामांची गचांडी धरली, कुणी बाजूला घेऊन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. मामांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाद. ज्या जीपमधून त्यांना मानानं आणलं होतं ती परत न्यायला आलीच नाही, तेव्हा दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून ते घरी आले. घरातही हाच कारभार. चहात साखर कमी असली तर ते मामींना तसं म्हणत नाहीत, ताकीद देतात. मामींच्या नावावर आता इतक्या ताकिदी जमल्या आहेत की नियमानं त्या केव्हाच मैदानाबाहेर जायला हव्या होत्या.

अशा माणसाच्या घरात चार कुत्री असावीत, ही करणी मामींची. वाटेत दिसलेलं पिल्लू मामींना तिथंच सोडून येता येत नाही, आणि त्याला नाव ठेवताना त्या फार डोकं चालवत नाहीत. जनावरांच्या बाजारात सापडला तो बाजाऱ्या, टेम्पोखाली सापडला तो टेंपू, कांद्याच्या चाळीत ढिगामागे सापडला तो कांद्या, आणि शाळेच्या फाटकात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे नापसंतीनं बघायची ती मास्तरीण. मामांचं कुत्र्यांबद्दलचं मत एवढंच होतं की ही जात नियम पाळत नाही. कुत्री अंगणात होती तोवर हे मतभेदही अंगणातच राहिले. पुढे मागच्या उसात बिबट्या दिसायला लागला, शेजाऱ्यांची शेळी गेली, मळ्यातली कुत्री गेली, आणि मामी दिवेलागणीला चौघांना घरात घेऊन दार लावायला लागल्या. कुत्र्यांना नेमकं त्याच वेळी खेळायचं असतं. त्यात मुलानं, म्हणजे पुण्याला कंपनीत असलेल्या संदीपनं, आईवडिलांसाठी हौसेनं हॉलला चकचकीत टाइल्स बसवून दिल्या होत्या. त्यांवरून टेंपू पळायला लागला की त्याचे पुढचे पाय सोफ्याशी थांबत आणि उरलेला टेंपू टीव्हीपर्यंत जाऊन येई.

मग जे व्हायचं ते झालं. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी कांद्या आणि टेंपू कुस्ती खेळत घरंगळत आले आणि भाकरीची टोपली घेऊन निघालेल्या मामींच्या पायांत शिरले. मामी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, नगरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. पुन्हा पडल्या तर अवघड आहे, असं डॉक्टर बोलले. संदीपनं कुत्री घरातून हलवायचीच असं ठरवलं. भंडारदऱ्याला त्याच्या मित्राचं रिसॉर्ट होतं, तिथं चौघांची सोय होणार होती. त्याचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. अडचण मामींची होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं कितीही विनवलं तरी मामी कॉट सोडत नसत, इतकी त्यांच्या मनात पडण्याची धास्ती बसली होती. फक्त दिवेलागणीला चारही कुत्री स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसली की त्या वॉकर धरून कशाबशा उठत, कारण कुत्र्यांची भाकरी दुसऱ्या कुणी दिलेली त्यांना खपत नसे. म्हणजे कुत्री ठेवावीत तर मामी पडणार, आणि पाठवावीत तर मामी उठणारच नाहीत. मामांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. संदीपला मात्र त्यांनी फोनवर पंचाच्याच आवाजात सांगितलं, “दिवाळीला ये. डोळ्यानं बघ. एक जरी कुत्रं तिला आडवं आलं, तर मी सोता चौघांला टेम्पोत बसवून देतो.”

त्याच दिवशी मामा कामाला लागले. फाटकाला लावून उरलेला पिवळा ऑइलपेंट त्यांनी काढला आणि संदीपच्या महागाच्या टाइल्सवर, हॉलच्या मधोमध, एक सरळ रेषा मारली. रेषेच्या एका बाजूला मामींची कॉटपासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट, दुसऱ्या बाजूला बाकीचं सगळं जग. या जगात एक सतरंजी अंथरून तिची टोकं सोफ्याच्या पायांखाली दाबली, म्हणजे खेळताना कुणाचे पाय घसरू नयेत, आणि रेषेला लागून बसायला गोणपाट टाकलं. सतरंजीवर एका वेळी दोनच गडी खेळणार, बाकीचे दोन राखीव. एकजण सारखा दुसऱ्याच्या मानेवर चढायला लागला किंवा गुरगुर खेळातली वाटेनाशी झाली की छोटी शिट्टी. दोघंही गोणपाटावर, वाळल्या भाकरीचा एकेक तुकडा, पाणी, आणि राखीव गडी आत. लांब शिट्टी वाजली की चौघांनीही गोणपाटावर बसायचं, कारण आता मामींची चढाई. कागदावर हे सगळं उत्तम होतं. प्रत्यक्षात पहिले काही दिवस शिट्टी वाजली की चारही कुत्री मामांच्याच अंगावर धावत, कारण भाकरी त्यांच्या खिशात होती. शिवाय घर रस्त्याला लागून, त्यामुळे एका एसटीच्या ड्रायव्हरनं शिट्टी ऐकून गाडी खरोखरच उभी केली. मामांनी तिलाही हात करून पुढं सोडलं. मास्तरणीला नियम सगळ्यांत आधी कळले, कांद्याला सगळ्यांत शेवटी. एवढ्या लवकर शिट्टी का मारता, अजून तर मजेत खेळताहेत, असं मी एकदा विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, “भांडन रागानं लागत न्हाई जावईबापू, खेळ लांबला की लागतं. गडी गुणी हाय तवरच त्याला थांबवायचा.”

नियम पाहुण्यांनाही होते. मामींची चढाई चालू असताना कुणी रेषा ओलांडायची नाही, आणि ओलांडायचा विचार असल्यासारखंही दिसायचं नाही. मी त्या घरचा जावई. मला तिथं पाणी चांदीच्या तांब्यातून मिळतं आणि निघताना टॉवेल-टोपी चुकत नाही. पण एकदा चहाचा कप ठेवायला मी पाय जरा पुढे घेतला, तर मामांनी माझ्याकडे बोट दाखवून ताकीद दिली. मी पाय मागे घेतला. मास्तरणीनं त्यावेळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी शाळा सोडल्यापासून विसरलो होतो. मामी तेवढ्या वेळात खिडकीपर्यंत पोचल्या होत्या, हे मात्र मला कबूल करावं लागेल.

दिवाळीत संदीप आणि त्याची बायको आले. मामांनी मलाही बोलावून घेतलं होतं. आल्या आल्या संदीपनं त्या पिवळ्या रेषेकडे बराच वेळ पाहिलं आणि हा रंग निघतो का, असं विचारलं. मामा न्हाई म्हणाले. त्यांनी जत्रेत घालायचा पांढरा शर्ट घातला होता, तोही इस्त्री करून. बाहेर फटाके सुरू झालेले, उसाकडची भीती होतीच, त्यामुळे चारही कुत्री घरात आणि कावरीबावरी. मामांच्या कपाळावर घाम होता. मामा घाबरलेले मी त्या घरात तेव्हाच पाहिले. दिवेलागण झाली, त्यांनी लांब शिट्टी मारली. मास्तरीण बसली, बाजाऱ्या बसला, टेंपू बसला, कांद्यानं जरा विचार केला आणि तोही बसला. मामींनी वॉकर धरला आणि निघाल्या.

त्या अर्ध्या वाटेत असतील नसतील तोच दाराबाहेर ॲटमबॉम्ब वाजला. कांद्या अंग चोरून अर्धवट उठला. संदीपला एवढंच दिसलं आणि आईला धरायला म्हणून त्यानं सोफ्यावरून झेप घेतली. पायातल्या मोज्यांनी त्याच्याच टाइल्सवर दगा दिला, तो बसल्या बसल्या घसरत रेषेपलीकडे गेला आणि वॉकरच्या पायाशी येऊन थांबला. वॉकर हलला. मामी हलल्या. मग त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या, पाय रोवले आणि उभ्या राहिल्या. कांद्या केव्हाच परत बसला होता. मामांनी छोटी शिट्टी वाजवली, हात वर केला आणि मुलाकडे बोट दाखवलं.

“बाद,” ते म्हणाले.

“अहो दादा, मी तिला धरायला...”

“बाद म्हंजे बाद. रेषेमागं.”

संदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याची बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. शेवटी तो बिचारा उठला आणि गोणपाटावर कांद्या आणि बाजाऱ्याच्या मध्ये मांडी घालून बसला. दोघांनी सरकून त्याला जागा करून दिली. मामी पुन्हा चालायला लागल्या. स्वयंपाकघराचं दार आलं तशी त्यांनी चौकट धरली, वॉकर सोडला आणि आतून भाकरीची टोपली काढून घेतली. संदीप हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. ऑपरेशननंतर तो पुण्याला परत गेला तेव्हा आईला दोघं मिळून उठवून बसवत होते, आणि नंतर व्हिडिओ कॉलवर दिसायची ती नेहमी कॉटवर बसलेली, चांगलं पातळ नेसून, केस विंचरून. आई एवढी चालते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगून त्याला ते खरंही वाटलं नसतं.

मामी पोचल्या की सुटकेची एक छोटी शिट्टी द्यायची, असा मामांचाच नियम. त्यांनी शिट्टी ओठांत धरली, पण ती वाजेना. पुन्हा श्वास घेतला, तरी वाजेना. म्हातारा रडत होता, हे मी सरळच सांगून टाकतो. कुत्री त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहिली, आणि पुण्याच्या कंपनीतला साहेबही त्यांच्यासारखाच बघत बसून राहिला. शेवटी तो हळूच म्हणाला, “दादा, आता उठू का?”

मामांनी नुसती मान हलवली. कुत्र्यांचा विषय त्या दिवाळीत पुन्हा निघाला नाही, आणि संदीप परवानगी मिळूनही कांद्याच्या पाठीवर हात ठेवून तिथंच बसला होता. मला त्याचा फार हेवा वाटला. ‘आता उठू का’ असं ज्याला विचारावं, असं वडीलधारं माणूस माझ्या घरात उरलेलं नाही.