शिलाई शेडमधली इर्जिक

वेल्ह्याजवळच्या शिलाई शेडची देखरेख माझ्याकडे होती. सुया, दोरे, हजेरी, चहा, सगळं जिथल्या तिथं लागायचं मला. शर्ट परदेशात जायचे. रोजचा कोटा मालक ठरवायचे. तो सारखा चुकला की मशीन दुसरीला.

गुंजवण्याच्या एका बाईचा हात चुलीवर भाजला आणि तिच्या कॉलरी मागं पडू लागल्या. घर तिच्याच पगारावर. बाकीच्यांनी मला न विचारता तोडगा काढला. भातलावणीत एकीचं खाचर मागं राहिलं की सगळ्या मजुरी न घेता उतरतात आणि जेवण त्या घरचं, तीच इर्जिक त्यांनी शेडमध्ये घातली. सुटीनंतर थांबून तिच्या कॉलरी शिवायला बसल्या. मी रागावले. कुणी ऐकलं नाही.

नेमकी तेव्हाच खरेदीदाराची तपासणी करणारी मॅडम न कळवता आली. तिनं बिनपगारी ओव्हरटाइम असं लिहून घेतलं. या आपखुशीनं बसल्यात म्हटलं, तर म्हणाली, सगळीकडे असंच सांगतात. ते खरंही असेल, म्हणून तर जास्त चीड आली. तिनं संडास पाहिले, दारं पाहिली. कोट्याचं मी आपणहून सांगितलं. तो तिच्या कामात बसत नव्हता. भाजल्या हाताच्या बाईनं इर्जिकीसाठी आणलेली जेवणाची टोपली तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून सुटी होताच शेडला कुलूप, तेही माझ्या हातानं. कागदावर आम्ही सुधारलो. कोटा कमी करा म्हणून मालकांना फोन केला. खरेदीदार दर वाढवत नाही, काम दुसऱ्या देशात गेलं तर सगळ्यांनाच घरी बसवू का, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न नेहमी आम्हालाच का विचारतात, ते मला अजून कळलेलं नाही.

आठवड्याच्या आत त्या भाजलेल्या बाईचं मशीन गेलं. दोन दिवसांनी जेवणाच्या सुटीत ती टोपली घेऊन दारात उभी.

"अगं, काम गेलं तुझं. आता कसलं जेवण?"

"त्यात यांचा काय दोस, बाई? हात तर लावला ना यांनी."

भाकरी, सुकटीची चटणी. मी उभीच होते, तर कोपऱ्यातून एक म्हणाली, "बसा की. का आमचं जेवान बी तपासायचंय?"

मी बसले. टोपलीवालीच्या मशीनवर आलेली नवी पोर एका बाजूला डबा उघडत होती. तिलाही तिनं हाक मारून वाढलं. कोटा त्या पोरीचाही पुरा होत नव्हता.